चाकाला उरलेले ३४ मिलिमीटर

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजच्या दारात एक लाल स्विफ्ट येऊन थांबली. उंबऱ्याजवळचा छोटा उतार चढताना पुढच्या बंपरची खालची कड फरशीला लागली आणि आत बसलेल्या मुलाचा चेहरा पडला. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत तो कामाला आहे, वय पंचविशीचं. शेजारी त्याचे वडील बसले होते. उतरल्या उतरल्या मुलगा म्हणाला, "काका, गाडी दिसायला लै भारी झालीया, पण नुसते आवाज काढतीया." वडील काहीच बोलले नाहीत. बोनेटला हात लावून उभे राहिले.

दसऱ्याला त्याने लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, बसवून घेतल्या होत्या. खोक्यावर गाडीचं नाव होतं आणि '४० मि.मी.' असा आकडा होता. एका ठिकाणी तीन तासांत चारही स्प्रिंगा बदलून मिळाल्या. गाडी दिली तेव्हा अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल जुळवणं) झालं नव्हतं, 'थोडी चालवा, स्प्रिंग बसू दे, मग करू' असं सांगितलं होतं. त्यानंतर गाडी २,६०० किलोमीटर चालली, त्यात दोन पुण्याच्या फेऱ्या. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण गाडी खाली घेतलेले ग्राहक महिन्याला एक-दोन तरी येतात आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: 'खाली घासणार नाही ना?' खरा घोळ कुठे होतो ते या गाडीवर आकड्यांनिशी सापडलं.

तक्रारी

त्याने चार सांगितल्या. स्पीडब्रेकरवर, अगदी हळू गेलं तरी, पुढून बोथट 'धप्प'. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की उजवीकडून 'टण्ण'. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला खरखरीत झालेले, हात फिरवला तर करवतीसारखे लागतात. आणि रात्री पन्हाळ्याच्या रस्त्याला उजेड जवळच पडतो.

पाचवी तक्रार वडिलांनी नंतर चहा पिताना सांगितली. आजीला घेऊन पाचजण जोतिबाला गेले होते. चढावर एका खड्ड्यात मागून असा आदळा बसला की आजीने परत येताना गाडीत बसायला नकार दिला आणि ती वडापने घरी आली. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तक्रार हीच होती. मुलाच्या यादीत ती नव्हती, कारण त्या दिवशी तो पुढे बसला होता.

आधी टेप, मग पाना

अशी गाडी आली की मी लगेच जॅक लावत नाही. सपाट फरशीवर उभी करतो, टायरची हवा सारखी करतो, गाडी चार-पाच वेळा हाताने दाबून सोडतो आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर घेतो. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक मधे येतो, मध्यबिंदूपासून घेतलं तर फक्त सस्पेन्शन कळतं. त्याच दिवशी दुसरी एक मूळ अवस्थेतली डिझेल स्विफ्ट गॅरेजमध्ये होती, तिचं पुढचं माप ३७२ मिलिमीटर आणि मागचं ३७० भरलं. या गाडीचं पुढचं ३२१, मागचं ३३२.

म्हणजे मागून ३८ मिलिमीटर खाली आली होती, खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपास. पण पुढून ५१. हा अकरा मिलिमीटरचा फरक आला कुठून?

उत्तर आरसीवर होतं. गाडी डिझेल. २०१८ ची ही तिसरी पिढी पेट्रोल आणि १,२४८ सीसी डिझेल अशा दोन इंजिनांत येत होती, प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर २०२० मध्ये डिझेल बंद झाली. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा शंभर किलोच्या आसपास जड, आणि हे वजन जवळपास सगळं पुढच्या चाकांवर. म्हणून कंपनी डिझेलला पुढे वेगळी स्प्रिंग देत होती आणि दोन्ही गाड्या सारख्याच उंचीवर उभ्या राहतात. विकणाऱ्याने 'स्विफ्ट' एवढंच विचारलं होतं आणि पेट्रोलचा संच दिला होता.

हिशेब करून पाहिला. काढलेल्या स्प्रिंगा आम्ही नंतर शेजारच्या एका वर्कशॉपमधल्या स्प्रिंग टेस्टरवर दाबून घेतल्या. मूळ पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २६ न्यूटन भरला, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला २६ न्यूटन जोर लागतो. लोअरिंग स्प्रिंगचा २९. जादा वजनातले ऐंशी किलो पुढे धरले तर एका चाकावर चाळीस, म्हणजे साधारण ३९२ न्यूटन. त्याला २९ ने भागलं की साडेतेरा मिलिमीटर. खोक्यावरचे चाळीस आणि हे साडेतेरा मिळून गाडी साडेत्रेपन्न मिलिमीटर बसायला हवी होती. बसली होती ५१. उरलेले अडीच मिलिमीटर कुणीतरी उचलून धरले होते.

तो कोण, हे कळल्यावर 'धप्प'चा उलगडा झाला. स्टॉपरने धरले होते.

स्टॉपर म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर वरच्या टोकाला असलेला तो फुगीर, वळ्यावळ्यांचा, फोमसारख्या रबराचा तुकडा. चाक फार वर आलं की शॉकअपचं डोकं त्याच्यावर टेकतं आणि धातूवर धातू आपटत नाही. मूळ स्विफ्टमध्ये गाडी उभी असताना शॉकअपचं डोकं आणि स्टॉपर यांच्यात ४५ मिलिमीटरची मोकळी जागा मी मोजली आहे. त्यानंतर स्टॉपर स्वतः चेपून आणखी चाळीस देतो. म्हणजे उभ्या गाडीचं चाक वर जायला एकूण जागा ८५ मिलिमीटर. ही गाडी ५१ खाली आली होती, मोकळी जागा ४५ च होती. म्हणजे गाडी उभ्या उभ्याच सहा मिलिमीटर स्टॉपरवर बसली होती. स्पीडब्रेकर तर सोडाच, गॅरेजच्या दारातल्या उतारावरही स्प्रिंगआधी स्टॉपर काम करत होता.

८५ मधून ५१ गेले, उरले ३४.

गाडी खाली घेताना जमिनीपासूनची उंची जाते हे सगळ्यांना दिसतं. ही आतली जागा जाते ते दिसत नाही, आणि गाडीची चाल बिघडते ती हिच्यामुळे. एखाद्या खड्ड्याचा धक्का स्प्रिंगने पूर्ण झेलायचा असेल तर तिच्यात साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. ८५ मिलिमीटरमध्ये जो धक्का मुरत होता, तोच ३४ मध्ये मुरवायचा तर कडकपणा ८५ भागिले ३४, म्हणजे अडीचचा वर्ग, सव्वासहा पट हवा. या स्प्रिंगा मूळपेक्षा जेमतेम बारा टक्के कडक होत्या. सव्वासहा पट कडक स्प्रिंग कुणी विकत नाही, विकली तर त्या गाडीत कुणी बसणार नाही. बाकीचा सगळा भार स्टॉपरवर, शॉकअप बॉडीला जोडणाऱ्या माउंटिंगवर, बॉडीच्या पत्र्यावर आणि आत बसलेल्या माणसाच्या कमरेवर येतो. आजीच्या कमरेवर आला तो असाच. मागे तीन माणसं आणि पिशव्या बसल्या की मागची बाजू पस्तीसेक मिलिमीटर आणखी खाली जाते. आधीच ३८ खाली गेलेल्या गाडीत खड्ड्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

उजेडाची तक्रार याच मापात सुटली. पुढची बाजू मागच्यापेक्षा तेरा मिलिमीटर जास्त खाली, आणि दोन चाकांमधलं अंतर २,४५० मिलिमीटर. गाडी नाक खाली घालून उभी आहे. पंचवीस मीटरवर प्रकाश तेरा सेंटिमीटर खाली पडतो. हेडलाइटचं बटण आधीच शून्यावर होतं, त्याहून वर नेता येत नाही.

उघडल्यावर

स्टिअरिंगचा 'टण्ण' मला आवाजावरूनच ओळखता आला होता, तरी उघडून दाखवल्याशिवाय सांगायचं नाही हा आमच्याकडचा नियम. मुलाला जवळ उभं केलं. उजवा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड, खाली घेतल्यावर दिसलं की स्प्रिंगचं खालचं टोक ती बसते त्या वाटीतल्या पायरीला टेकलेलं नव्हतं, बोटभर मागे होतं. वाटीत ती पायरी त्यासाठीच असते: टोक तिथे अडलं की स्प्रिंग जागची हलत नाही. इथे स्टिअरिंग वळलं की स्प्रिंग थोडी पिळली जायची आणि मग ताण सुटून उडी मारायची. वाटीचा रंग तेवढ्या भागात घासून चकचकीत झाला होता. वरचं रबर उलटं लागलं होतं आणि डस्ट कव्हर फाटलेलं. डावा शॉकअप तेलाने ओला. तो आधीपासून थकलेला होता की सतत स्टॉपरवर आपटून गेला, हे ठामपणे सांगता येणार नाही, म्हणून त्याचा दोष मी कुणावर टाकला नाही.

मग टायर. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी घेतली. दोन्ही पुढची चाकं वरून आत कललेली, एक अंशाच्या थोडी पुढे. बहुतेक लोक टायर आतून गेला की हा कल बघतात आणि थांबतात. एवढ्या कलाने २,६०० किलोमीटरमध्ये टायर करवतीसारखा होत नाही. खरं कारण दुसऱ्या आकड्यात होतं: दोन्ही चाकांची तोंडं पुढे बाहेरच्या बाजूला फाकली होती, एकूण पाच मिलिमीटर. मूळ गाडीत हे जवळपास शून्य असतं. गाडी खाली बसली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) आपापल्या वेगळ्या वर्तुळात फिरतात, दोघांची लांबी आणि कोन सारखे नसल्याने चाकाची दिशा बदलते.

पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पंधरा इंची रिंगचा व्यास ३८१ मिलिमीटर. पाचाचा निम्मा, अडीच, एका चाकाच्या वाट्याला. अडीच भागिले ३८१ म्हणजे चाक प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे साडेसहा मीटर आडवं फरफटलं जात होतं. २,६०० किलोमीटरला सतरा किलोमीटर. कोल्हापूरहून जोतिबापर्यंत टायर आडवा ओढत नेला असता तर जे झालं असतं, तेच थोडं थोडं करून झालं होतं. 'स्प्रिंग बसू दे, मग अलाइनमेंट करू' या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत दोन-तीन मिलिमीटर बसतेच. पण त्यासाठी अलाइनमेंट दोनदा करायचं असतं, एकदा लगेच आणि एकदा पंधरा दिवसांनी. महिनाभर तसंच पळवायचं नसतं.

मागचा बीम, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग, बघताना आणखी एक सापडलं. बीमच्या बुशचे बोल्ट पहिल्या ठिकाणी सैल केलेच नव्हते. स्विफ्टमध्ये मागची स्प्रिंग काढायला ते सैल करावे लागत नाहीत, शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम खाली सोडला की स्प्रिंग हातात येते, म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. पण या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. जुन्या उंचीला आवळलेलं बुश नव्या उंचीला कायम पिळलेलं राहतं. उजव्या बुशला काठाने केसाएवढी भेग दिसत होती.

स्पीडब्रेकरबद्दल दोन शब्द

मुलाचं म्हणणं होतं की आपले स्पीडब्रेकरच वाईट आहेत. यात तो अर्धा बरोबर होता, आणि त्या अर्ध्याचा हिशेब त्याला दाखवणं मला आवश्यक वाटलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या 'आयआरसी ९९' या मानकात ताशी पंचवीस किलोमीटरसाठी गतिरोधकाचं माप दिलेलं होतं: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टची दोन्ही चाकं एकाच वेळी त्या गोलाईवर चढतात. चाकांमधल्या २.४५ मीटरच्या अंतरात रस्त्याचा फुगवटा भरतो फक्त ४४ मिलिमीटर. मूळ स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३, या गाडीची पुढून ११२. म्हणजे असा नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक या बसक्या गाडीलाही पोटाला लागू नये.

पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तो मी टेपने मोजला आहे. उंची १४ सेंटिमीटर, रुंदी ६० सेंटिमीटर. पुढची चाकं उतरलेली आणि मागची चढायची, अशा वेळी अख्खा उंचवटा पोटाखाली येतो आणि १४० मिलिमीटर लागतात. मूळ गाडी रिकामी असेल तर निघते, भरलेली घासते. ११२ ची गाडी तिरकी नेली तरी निघत नाही. चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) खालच्या पत्र्यावर ओरखडे होतेच. लोकवस्तीने स्वतःच्या काळजीपोटी बांधलेले असे उंचवटे एका रात्रीत जाणार नाहीत, तेव्हा गाडी किती खाली न्यायची ते त्यांना धरूनच ठरवावं लागतं.

काय ठरलं

आधी कायद्याचं सांगितलं, आणि ते वडिलांसमोर सांगितलं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरसीवर स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते, म्हणून 'हे चालतं' असं ठामपणे सांगणारे भेटतात. मी तसं सांगत नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने गाडी उचलून बघितली, तर तिथे वाद घालत बसायची वेळ मालकावर येते. विमा कंपनीला आधी लेखी कळवावं आणि काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. या मुलाच्या वडिलांनी चारही मूळ स्प्रिंगा माळ्यावर ठेवून घेतल्या होत्या. त्यांनी तेवढं केलं नसतं तर पुढचं सगळं जास्त महागात गेलं असतं.

माझा सल्ला सरळ होता: मूळ स्प्रिंगा परत टाक. वडिलांचंही तेच मत. मुलाने बोनसचे पैसे यात घातले होते, तो गप्प झाला. मी त्याला म्हटलं, "पंधरा दिवस मूळ स्प्रिंगांवर चालव. नवे शॉकअप टाकू, अलाइनमेंट करू. मग तुला काय हवं ते ये सांगायला." दुरुस्त केलेली मूळ गाडी कशी चालते हे माहीत असल्याशिवाय माणसाला तुलना करता येत नाही. त्याचे जुने शॉकअप ६८,००० किलोमीटर चाललेले होते. मूळ उंचीवरची चांगली गाडी तो विसरूनच गेला होता.

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. "काका, आवाज एक न्हाई. आजी पण बसली. पण वळणावर लई झुकतीया." हे खरं होतं. तरुण माणसाला त्याची आवडती गाडी थोडी ठाम हवी, यात मला गैर काही दिसत नाही. मग आम्ही मिळून संच शोधला: डिझेल स्विफ्टसाठी वेगळा पार्ट नंबर असलेला, पुढून २८ आणि मागून २५ मिलिमीटर, सोबत आखूड स्टॉपर. बसवायच्या आधी टेस्टरवर दाबून घेतला, पुढची स्प्रिंग मिलिमीटरला ३१ न्यूटन. मूळपेक्षा एकोणीस टक्के कडक.

२८ खाली गेल्यावर ८५ मधले ५७ उरतात. वर्गाचा हिशेब लावला तर सव्वादोन पट कडकपणा लागेल, आणि आहे सव्वा पटीच्या आत. म्हणजे इथेही स्टॉपरला काम आहेच, फक्त त्याचं काम शेवटी येतं, सुरुवातीपासून नाही. मूळ स्टॉपर ठेवला असता तर मोकळी जागा सतराच मिलिमीटर राहिली असती, संचातल्या आखूड स्टॉपरने ती सत्तावीस झाली. ब्लेडने मूळ स्टॉपर अर्धा कापून लावणारे पुष्कळ आहेत. त्याचं निमुळतं टोक मऊ असतं आणि आधी तेच चेपतं. कापताना तेच गेलं तर मागे फक्त कडक बूड उरतं आणि धक्का पहिल्यापेक्षा वाईट बसतो.

शॉकअप बदलायचे का, हाही प्रश्न होता. स्प्रिंग कडक झाली की तिची उसळी आवरायला शॉकअपही जोरदार लागतो, पण त्या प्रमाणात नाही, वर्गमुळात. एकोणीस टक्क्यांना साधारण नऊ टक्के. नव्या कोऱ्या मूळ शॉकअपवर ते निभतं. ६८,००० चाललेल्यावर निभत नाही. महाग संच घेऊन थकलेल्या शॉकअपवर बसवणं म्हणजे पैसे घालून गाडी डुलवणं.

बसवताना

या कामात मला सगळ्यांत जास्त भीती एका नटची वाटते, स्ट्रटच्या डोक्यावरच्या मधल्या नटची. स्प्रिंग दाबून धरलेली नसताना तो उघडला तर वरचं माउंटिंग गोळीसारखं उडतं. चाक पूर्ण खाली लोंबत असतानाही त्या स्प्रिंगमध्ये बराच जोर कोंडलेला असतो. आमच्याकडे भिंतीला ठोकलेला स्प्रिंग कंप्रेसर आहे. दोन सुट्या हुकांचा स्वस्त कंप्रेसर मी पोरांना वापरू देत नाही, एक हुक घसरला की स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते. मूळ स्प्रिंगा काढताना मुलगा वाकून बघायला आला, त्याला हाताला धरून बाजूला केलं. त्या नटला एअर गनही लावायची नाही. दांडा गरागरा फिरतो आणि आतलं सील खराब होतं. दांडा षटकोनी पान्याने धरून नट हाताने.

बाकी क्रम नेहमीचा. गाडी घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर), नुसत्या जॅकवर कधीच नाही. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून मोकळी केली, नकलला (चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाला) दोरीने बांधलं, नाहीतर त्याचं वजन होजवर येतं. लिंक रॉड सोडला, नकलचे दोन बोल्ट, मग वरचे. स्प्रिंगचं टोक पायरीला टेकलं हे बोट घालून तपासलं, दोन्ही बाजूंना, आणि त्याचा फोटो मुलाला काढायला लावला. वरचं बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. डावं खरखरत होतं, बदललं.

मागे एक गोष्ट मुद्दाम पाहिली. गाडी उचलून चाकं पूर्ण लोंबवली आणि स्प्रिंग हाताने फिरवायचा प्रयत्न केला. फिरली नाही. आखूड स्प्रिंग अशा वेळी सैल पडली तर रस्त्यावर चाक हवेत गेल्यावर ती जागा सोडू शकते. मूळ स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेतात त्यांच्याकडे हे हमखास घडतं. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही ते वेगळंच. स्प्रिंग कापून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो.

शेवटी गाडी चाकांवर उतरवली, फरशीवर पुढे-मागे केली, आणि बीमच्या बुशचे व लोअर आर्मचे बोल्ट त्या उंचीला सैल करून पुन्हा टॉर्क पान्याने आवळले. वीस मिनिटांचं काम. गाडीखाली आडवं होऊन करावं लागतं म्हणून टाळलं जातं.

मापं: पुढे ३४४ आणि ३४४, मागे ३४५ आणि ३४४. अलाइनमेंट त्याच दिवशी, तोंडं शून्यावर. कल अर्ध्या अंशाच्या आसपास आला, तो तसाच ठेवला. हेडलाइट भिंतीवर खूण करून लावले. आम्ही दोघं पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, जाताना त्याने चालवली, येताना मी. वळणावर गाडी आधीपेक्षा नक्कीच ठाम होती. गल्लीच्या तोंडाचा तो १४ सेंटिमीटरचा उंचवटा तिरका घेतला तर निघाला, सरळ घेतला तेव्हा पोटाला हलकासा लागला.

नंतर

सोळाव्या दिवशी तो परत आला. पुढून दोन मिलिमीटर बसली होती, ३४२. तोंडं अर्धा मिलिमीटर बाहेर गेली होती, पुन्हा शून्यावर आणली. आता गाडीने नव्या स्प्रिंगांवर ७,४०० किलोमीटर केलेत. पुढचे नवे टायर हात फिरवला तर गुळगुळीत लागतात, शॉकअप कोरडे आहेत, टोकं पायरीलाच टेकलेली आहेत. पेट्रोलचा पहिला संच त्याने एका पेट्रोल स्विफ्टवाल्याला दिला, पण आधी त्याला माझ्याकडे मापं घ्यायला घेऊन आला.

विमा कंपनीला पाठवलेल्या पत्राला अजून उत्तर नाही, त्याची पोच वडिलांनी गाडीच्या कागदांत ठेवली आहे. मागच्या उजव्या बुशची ती भेग मात्र थोडी वाढली आहे. ते बुश पावसाळ्याआधी बदलायचं आहे, डाव्यासकट. तारीख वडीलच ठरवून गेलेत.